आकड्याला तीट

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती, तेव्हा शाल्मली थोरल्या बाईंसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली,

“बाई, ह्या बायका माझ्याशी खोटं का बोलतात?”

थोरल्या बाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“दंडवत राहिला,” त्या म्हणाल्या.

शाल्मली ओशाळली. खाली वाकली.

“दंडवत प्रणाम, बाई.”

“दंडवत. … आता बोल. कोण खोटं बोललं?”

शाल्मलीने वळून बोट दाखवलं.

बोट माझ्याकडे होतं.

वेळ मला नेमकी सांगता येते, कारण घड्याळ माझ्यासमोरच्या भिंतीवर होतं आणि माझं सारखं तिकडेच लक्ष होतं. माझी लेक ओजू माझ्या मांडीवर होती. कालच्या संध्याकाळपासून तिचं अंग कढत. औषधाची बाटली पिशवीत, आणि औषध अजून द्यायचं राहिलेलं.

आमच्या गावाला लागून महानुभावांचा आश्रम आहे. थोरल्या बाई तिथल्या तपस्विनी. नाव कोणी घेत नाही, थोरल्या बाईच म्हणतात. शाल्मलीचं आजोळ आमच्याच गावचं. लहानपणी तिने ह्याच बाईंकडून उपदेश घेतला, म्हणजे ती त्यांची शिष्या. आता पुण्याला असते, मोबाइलमधली ॲपं बनवते.

ह्या वेळी तिने बनवलेलं ॲप लेकरांच्या तापाचं होतं. त्यात लेकराचं वजन टाकायचं. मग औषधाच्या बाटलीचं जे मापाचं झाकण असतं, त्यात कोणत्या रेघेपर्यंत औषध घ्यायचं ते मोबाइल सांगतो. नर्सबाई आमच्याकडे महिन्यातून एकदा येतात. मधल्या दिवसांत लेकरू तापलं तर विचारायचं कोणाला? म्हणून हे ॲप.

त्या दिवशी नर्सबाईंचा वार होता. त्यांनी आश्रमाच्या मंडपात झोळीचा काटा टांगला, सगळ्या लेकरांची वजनं केली. ओजूला तपासलं, बाटली दिली.

“वजनाप्रमाणे द्या,” म्हणाल्या. “मोबाइलवर बघूनच घ्या आता. उद्यापर्यंत उतरला नाही तर दवाखान्यात आणा.”

आणि त्या पुढच्या गावाला गेल्या.

मग शाल्मलीने आम्हाला एकेकीला चटईवर बसवलं. हातात मोबाइल दिला. समोर एक काठी उभी केली, तिच्यावर दुसरा मोबाइल. तो आमचं शूटिंग घेणार.

“चेहरा येत नाही, फक्त हात येतात,” ती म्हणाली.

“हाताचं काय करता?” कौतिकामावशीने विचारलं होतं. कौतिकामावशी आमच्या शेजारच्या, नातवाला घेऊन आल्या होत्या. “चोरी केली का आमी?”

“तसं नाही मावशी. तुमची परीक्षा नाहीये. परीक्षा ॲपची आहे.”

हे तिने प्रत्येकीला सांगितलं. आणि प्रत्येकीने पदर सारखा केला.

तर ते बोट माझ्याकडे होतं, आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी ओजूच्या मानेला हात लावून पाहिला. तसंच.

“काय खोटं बोलली ती?” बाईंनी विचारलं.

“हिच्या मुलीचं वजन मी स्वतः पाहिलंय काट्यावर. साडे…”

“आकडा बोलू नको!” कौतिकामावशी ओरडल्या.

शाल्मली दचकली.

“का?”

ती पुन्हा बाईंकडे वळली.

“बघा बाई, हे असं चाललंय. काट्यावर जेवढं आलं त्यापेक्षा हिने एक किलो कमी टाकलं. तिच्या आधीच्या बाईने थोडं कमी टाकलं. तिच्या आधीचीनेही. मला वाटलं आकडा फिरवायची चकती चुकतेय. चकती मोठी केली. आकडे मोठे केले. तरी कमीच. चकतीचा दोष नाही, बाई. ह्यांना सगळं जमतंय. अगदी सरसर जमतंय. आणि आकडा मात्र…”

ती थांबली.

“मुद्दाम कमी टाकतात,” ती म्हणाली.

“तू विचारलंस?”

“विचारलं ना. म्हटलं, वजन बरोबर टाकलंत का? सगळ्या म्हणाल्या, हो.”

“मग झालं तर.”

“काय झालं? कमी वजन टाकलं तर मोबाइल औषध कमी सांगणार. ताप उतरणार नाही. मग आई घाबरणार आणि अंदाजाने पुन्हा देणार, पुन्हा देणार…”

पिशवीतून काढलेली बाटली मी पुन्हा आत ठेवली.

मोबाइलने मला खालची रेघ सांगितली होती. मी टाकलेल्या वजनाची. आता ही म्हणते ते कमी. मग वरची रेघ घ्यायची का? एक रेघ वर की दोन? जास्त झालं तर? खालच्याच रेघेने द्यावं तर ताप डोक्यात जाईल का?

विचारावं कोणाला? ही तर मला खोटारडी म्हणाली.

“मी दहादा सांगितलं त्यांना,” शाल्मली म्हणाली, “की तुमची परीक्षा नाही.”

बाईंनी एक शेंग सोलली. दाणे ताटात पडले.

“ज्याची परीक्षा नसते,” त्या म्हणाल्या, “त्याला कोणी तसं सांगायला जात नाही.”

…

शाल्मलीने मान हलवली.

“बाई, ही पद्धत आहे. सगळ्या जगात अशीच करतात. मी मधे बोलत नाही, मदत करत नाही, फक्त बघते. आपल्याला वाटतं ते आणि माणसं खरंच करतात ते वेगळं असतं. म्हणून बघायचं. मला हे चांगलं येतं. पुण्यात मी दुसऱ्यांना शिकवते.”

“असं,” बाई म्हणाल्या.

“अन् काय वो बाई,” कौतिकामावशी म्हणाल्या, “हे पोरगी मले म्हणे, मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहा. म्हनलं, माय, मनातलं बोलली असती तर तू सामान घेऊन पळून जाशीन!”

बायका हसल्या. पदर तोंडाला लावून.

शाल्मलीलाही हसू आलं, पण तिने ते दाबलं.

“आणि मी विचारलं, आता काय दाबू,” मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. “तर त्या म्हणतात, तुम्हाला काय वाटतं? अहो, मला माहीत असतं तर विचारलं असतं का? लेकरू तापलंय माझं.”

“मी सांगितलं असतं तर ॲपचा दोष कळला नसता, ताई.”

“ॲपचा कळला असता की माझा?”



मागून एक बाई हळूच म्हणाली, “वजन चांगलं दिसलं की अंगणवाडीचा खाऊ बंद करतात म्हणे.”

“कोण म्हणालं?” शाल्मलीने विचारलं.

“म्हणतात.”

“मी खाऊवाली नाहीये!”

“तेच तर,” ती बाई म्हणाली. “मग वजन कायले पाहिजे तुम्हाले?”

थोरल्या बाईंनी हात झटकले.

“लेकरू काही प्यायलं का सकाळपासून?” त्यांनी मला विचारलं.

“नाही बाई. अंगावर घेते तर तोंड फिरवते.”

“तुझ्याजवळ बोंडलं आहे ना?”

बोंडलं होतं. माझ्या आईने दिलेलं, पितळेचं, लांब चोचीचं. कोमट दूधही होतं फिरकीच्या भांड्यात. मी बोंडल्यात दूध ओतून बाईंपुढे धरलं.

त्यांनी ते घेतलं आणि शाल्मलीच्या हातात दिलं.

“पाज.”

“मी?”

“तू.”

“बाई, मला मूल नाही. मी कधी…”

“तुझी परीक्षा नाही,” बाई म्हणाल्या. “परीक्षा बोंडल्याची आहे.”



मला ओजूला सोडवत नव्हतं. आजारी लेकरू, आणि ही पुण्याची पोरगी. पण बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ओजूला शाल्मलीच्या मांडीवर ठेवलं. एक हात मात्र ओजूच्या पायावरच ठेवला.

बाईंनी ती काठी ओढली. काठीवरचा मोबाइल शाल्मलीकडे वळवला.

“फक्त हात येतात,” त्या म्हणाल्या. “आणि मनात येईल ते बोलत राहा.”

कौतिकामावशी गुडघ्यावर पुढे सरकल्या. बाकीच्याही सरकल्या. जिला नीट दिसत नव्हतं ती उभी राहिली.

शाल्मलीने बोंडलं हातात फिरवलं.

“मी आता… हे… ह्याची चोच तोंडात…”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“अशी धरू का?”

मी सांगायला तोंड उघडलं. बाई मधेच म्हणाल्या,

“तुला काय वाटतं?”

कोणीतरी फिसकन हसलं.

शाल्मलीचे कान लाल झाले. तिने ओजूची मान उचलली, पण फार उचलली. बोंडलं कललं. दूध हनुवटीवरून गळ्यात गेलं. ओजूने तोंड घट्ट मिटलं आणि मान फिरवली.

“ती तोंड उघडत नाहीये… मी परत…”

“ठसका लागेल,” मी म्हटलं.

“तू बोलू नको,” बाई म्हणाल्या. “फक्त बघ.”

मी बघत राहिले. काय बघितलं ते माझं मलाच माहीत.

ओजू रडली. रडता रडता थोडं दूध आत गेलं, बरंचसं शाल्मलीच्या कुर्त्यावर. मग मी न विचारता तिला उचलून घेतलं. बाईंनी अडवलं नाही.

“किती प्यायलं?” बाईंनी शाल्मलीला विचारलं.

“बरंच प्यायली.”

…

बाईंनी कुर्त्याकडे पाहिलं. कुर्ता छातीपासून मांडीपर्यंत भिजला होता.

“बरंच?”

“अर्धं तरी.”

“अर्धं?”

“… थोडंसं.”

“आधी ‘बरंच’ का म्हणालीस?”

“मी काही खोटं…” शाल्मली म्हणाली. मग तिने सगळ्या बायकांकडे पाहिलं. मग काठीवरच्या मोबाइलकडे. “सगळ्या बघत होत्या, बाई.”

बाई पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

ह्या खेपेला कोणी हसलं नाही. एका बाईने शाल्मलीला पुसायला रुमाल दिला.

शाल्मली पुसत राहिली. पुसता पुसता म्हणाली,

“पण मी तर वाढवून सांगितलं. ह्यांनी कमी करून सांगितलं. बघणारे असले की माणूस चांगलं दाखवतो. ह्या वाईट का दाखवतात?”

आता तिच्या आवाजात मघाचा तोरा नव्हता. ती खरंच विचारत होती.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सांगायचं कसं? बाईंच्या समोर तर त्याहून नको. बाईंना दृष्टबिष्ट मान्य नाही. त्यांचा देव एकच, बाकी सगळं त्या सोडून द्या म्हणतात.

शेवटी कौतिकामावशीच बोलल्या.

“पोरी, तू लेकराचा फोटो काढाले लावला. हिच्या लेकराच्या गालावर तीट होती. मोबाइल म्हणे, चेहऱ्यावर डाग आहे, पुसून घ्या.”

“हो. चेहरा ओळखता यावा म्हणून.”

“पुसली हिनं. तापलेल्या लेकराची तीट पुसली, तुह्या मोबाइलपायी.”

“… बरं.”

“मग म्हणे वजन टाका. पयले मीच टाकलं, नातवाचं. खरं टाकलं, काट्यावर आलं तेच. अन् त्या मोबाइलमधली बाई एवढ्या मोठ्यानं वरडली, ‘वा वा! तुमचं बाळ अगदी गुटगुटीत आहे!’ टाळ्या काय, फुगे काय! साऱ्या मांडवानं ऐकलं.”

“ते मीच ठेवलंय,” शाल्मली म्हणाली. “आईला बरं वाटावं म्हणून. आवाजही मी निवडला.”

“बरं वाटलं?” कौतिकामावशी म्हणाल्या. “पोट्टं तिथंच भडाभडा ओकलं!”

“मावशी, त्याने केळं खाल्लं होतं. मी पाहिलं.”

“रोजच खाते केळं.”

शाल्मली काही बोलणार होती. बोलली नाही.

“त्याच्यानंतर कोण टाकीन खरं वजन?” कौतिकामावशी म्हणाल्या. “गालाची तीट तू पुसाले लावली. मग आकड्याले लावली आमी.”

…

बाहेर कोणीतरी हापसा मारत होतं. त्याचा आवाज तेवढा येत होता.

शाल्मली बाईंकडे वळली.

“बाई, तुम्ही तर दृष्ट मानत नाही.”

“नाही.”

“मग तुम्ही सांगा ना ह्यांना. तुमचं ऐकतात. असं काही नसतं म्हणून सांगा.”

“सांगते की. जन्मभर सांगतेय.”

“मग?”

“मग माझ्याकडे येताना तीट पुसून येतात,” बाई म्हणाल्या. “घरी गेल्या की दोन लावतात.”

मी खाली पाहिलं. सगळ्याच खाली बघत होत्या.

शाल्मली उठली, मंडपात एक फेरी मारून परत आली. तिचे डोळे चमकत होते.

“सापडलं. सोपं आहे. बायका कमी टाकतात ना? मग ॲपच आतल्या आत वजन थोडं वाढवून घेईल. आकडा आला की त्यात आपोआप भर घालायची. कोणाला दिसणारही नाही. त्यांची तीटही राहील आणि औषधही बरोबर येईल.”

ती खूश झाली होती. मलाही क्षणभर बरं वाटलं. म्हणजे एक रेघ वर घ्यायची तर. मी पिशवीतल्या बाटलीला हात घातला.

बाईंनी एक शेंग उचलली, पण सोलली नाही.

“आणि जी खरं सांगेल, तिच्या लेकराचं?”

“… त्याला औषध जास्त जाईल,” शाल्मली म्हणाली.

मी बाटलीवरचा हात काढला.

मग मला राहवेना. बाईंच्या समोर कधी मोठ्याने बोलले नव्हते, पण बोलले.

“बाई, तुमचं बोलणं होईल सावकाश. माझी पोरगी भाजतेय. मी कुठल्या रेघेने देऊ ते सांगा कोणीतरी. एक म्हणते कमी आहे, मोबाइल म्हणतो बरोबर आहे, नर्सबाई गेल्या. मी काय करू?”

बाईंनी मांडीवरचं ताट खाली ठेवलं.

“तुला खरं वजन माहीत आहे?”

“आहे.”

“मग ते मोबाइलात टाक.”

मी मोबाइल हातात घेतला. चकती फिरवली. खऱ्या आकड्याच्या जवळ आली आणि माझा अंगठा थांबला. सगळ्या बघत होत्या. शाल्मली बघत होती. काठीवरचा मोबाइल बघत होता. ओजूचा गाल नुसताच होता, कोरा, तापाने लाल.

“नाही होत,” मी म्हटलं.

“मी फक्त बघतेय, ताई,” शाल्मली हळूच म्हणाली. “काही बोलत नाही.”

तेव्हा बाई जाग्यावरून उठल्या. त्यांचं वय झालंय, उठायला वेळ लागतो. काठीजवळ गेल्या. काठीवरचा मोबाइल काढून पालथा ठेवला.

आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

तोंड भिंतीकडे.

कोणाला काही कळेना. गुरूने शिष्याकडे पाठ करावी, हे काय?

“शाल्मली,” बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. “तुला नीट बघायचं आहे ना?”

“हो बाई.”

“मग पाठ कर.”

शाल्मली उभीच होती. मग हळूहळू वळली.

कौतिकामावशी वळल्या. नातवालाही वळवलं. मग एकेक करून सगळ्या वळल्या. मंडपात नुसत्या पाठी. हिरव्या, जांभळ्या, ठिपक्यांच्या पदरांच्या पाठी, आणि मधे बाईंची वाकलेली पाठ.

माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं.

मी चकती फिरवली. खरा आकडा आला. पण पुढचं बटण दाबायच्या आधी मला ती ओरडणारी बाई आठवली.

“तो आवाज येईल,” मी म्हटलं.

“वरती उजवीकडे कर्ण्याचं चित्र आहे,” शाल्मली म्हणाली. तिने मान वळवली नाही. “त्याच्यावर बोट ठेवा. रेघ आली का त्याच्यावर?”

“आली.”

“आता आवाज येणार नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

“तुम्ही मघाशी का नाही सांगितलंत?”

तिची पाठ तेवढी हलली.

मी बटण दाबलं. मोबाइलवर ते चित्रातलं बाळ आलं, फुगे उडाले. टाळ्या वाजत असतील, पण ऐकू काही आलं नाही. मी त्या बाळाच्या तोंडावर अंगठा ठेवला. खाली लिहून आलं, कुठल्या रेघेपर्यंत घ्यायचं ते.

मघाच्यापेक्षा एक रेघ वर.

मी दोनदा वाचलं. झाकण उजेडाकडे धरून माप घेतलं. ओजूने तोंड वाकडं केलं, पण गिळलं. सगळं गिळलं.

“दिलं,” मी म्हटलं.

बायका वळल्या. कोणी काही विचारलं नाही. कौतिकामावशीने आपल्या नातवाच्या डोळ्यातलं काजळ बोटाला घेतलं आणि ओजूच्या गालावर टेकवलं. थोरल्या बाईंच्या देखत.

बाईंनी पाहिलं. आणि बाई आपल्या जागी जाऊन बसल्या.

शाल्मलीने काठी मिटली. मग ती बाईंपुढे खाली बसली.

“बाई, आज संध्याकाळी मला पुण्याला कळवायचंय. ॲप गावोगाव सोडायचं की थांबवायचं. सगळे माझ्यासाठी थांबलेत. सगळ्यांना वाटतंय, मी ‘छान आहे’ म्हणून सांगेन.”

“हं.”

“थांबवते. ती शाबासकी काढून टाकते. फोटोही काढून टाकते. आणि बायकांना एकटं…” ती अडखळली. “एकटं ठेवलं तर मला दिसणार काय? आणि नाही ठेवलं तर खरं दिसणार नाही.”

बाईंनी शेंगांचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

“तुम्ही सांगत का नाही?”

“मला मोबाइल येत नाही,” बाई म्हणाल्या.

शाल्मली हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं मोकळं हसू. मग तिने डोळ्यातलं पाणी पुसलं. ते कशाने आलं, मी विचारलं नाही.

ती जायला उठली. पायरीपर्यंत गेली आणि परत फिरली.

“बाई… एक शेवटचं. ह्या बायकांचा माझ्यावर विश्वास कधी बसेल?”

“बसू देऊ नकोस.”

…

शाल्मली तशीच उभी राहिली. आम्हीही बघत राहिलो. बाई थट्टा करताहेत की काय, पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. “विश्वास बसला की माणूस विचारायचं सोडतो,” त्या म्हणाल्या.

“मग पुढच्या गावी मी काय सांगून बोलावू बायकांना?”

बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग दारात चपला शोधणाऱ्या सगळ्यांकडे.

“निरोप धाड,” त्या म्हणाल्या. “लेकरू घेऊन या. संशय घेऊन या. … आणि तो मोठ्यानं एकीनं दुसरीला सांगा.”